आधी चहा, मग बोली

‘तुमचा प्रवास आणखी आरामाचा करा. पुढच्या वर्गातल्या सीटसाठी आजच बोली लावा.’

बापाच्या तिकिटावर आलेला विमान कंपनीचा मेल मयुरीने पुण्याहून फोनवर एवढा वाचून दाखवला आणि रामाजीने पहिला प्रश्न केला, “लिलाव किती वाजता हाय?”

“लिलावाला कुठं जावं लागत नाही, बाबा. मोबाईलवर आपला आकडा टाकायचा. त्यांना पटला तर पैसे कापून घेतात आणि पुढच्या मोठ्या सीटवर बसवतात. नाही पटला तर आपली जुनी सीट आहेच.”

“दुसऱ्यानं किती टाकले हे कसं समजते?”

“नाही समजत.”

“अशा सीटा किती रिकाम्या हायत?”

“तेही नाही सांगत.”

रामाजीने फोन या कानाचा त्या कानाला लावला. “म्हणजे माल झाकलेला, गिऱ्हाईक झाकलेलं, अन् म्हणते बोली लाव. इतकी हिंमत तं आमच्या यार्डातल्या व्यापाऱ्याईचीही नोहोती, बाप्पा!”

यार्डाचं रामाजीला कोणी शिकवायला नको होतं. नाचणगावचा हा माणूस पस्तीस वर्षं मापाडी होता. कोणत्या बाजार समितीत ते सोडा. कापसाच्या गाड्या ओळीने लागायच्या, व्यापारी मूठभर कापूस ओढून बघायचे, ओरडून बोली लावायचे आणि भाव ठरला की माल रामाजीच्या काट्यावर यायचा. काटा त्याने कधी मारला नाही. पण एवढ्यावर छाती फुगवावी असंही त्याचं आयुष्य गेलं नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. ते पुढे येईल.

मेल हसण्यावारी नेता आला असता, पण मधे पंचफुलाबाईचा पाय होता.

पंचफुलाबाई ही रामाजीची थोरली बहीण, एकोणसत्तर वर्षांची. जिनिंगच्या कारखान्यात कामाला असताना कापसाची गाठ तिच्या डाव्या पायावर घसरली. मालकाने दवाखान्यात नेलं, पायात सळई बसवून घेतली आणि हजेरीतून तिचं नाव काढून टाकलं. दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरकली. तेव्हापासून तो पाय गुडघ्यात वाकत नाही. ती खुर्चीवर बसली की पाय समोर काठीसारखा सरळ. तसल्या पायाने ती रोज सकाळी विहारासमोरच्या पिंपळाला दोन बादल्या पाणी घालते. एवढ्या मोठ्या झाडाला पाण्याची काय गरज, असं कोणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: “त्याले नसन, मले हाय.”

बुद्धाला ज्या झाडाखाली ज्ञान झालं त्याची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला लावली आणि ते झाड अजून उभं आहे, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. मरायच्या आधी ते बघायचं, असं तिने घेतलं. चार वर्षं गावाच्या मागे लागली. शेवटी नाचणगाव, पुलगाव आणि देवळीचे मिळून वीस जण तयार झाले, वर्ध्याहून भैयाजी आणि त्यांची बायको असे दोघं. बावीस तिकिटं. वर्ध्याच्या अनुपने ती आपल्या दुकानातून काढून दिली, स्वस्ताची म्हणून सुटी सुटी काढली आणि पायाचं नंतर बघू म्हणाला.

नंतर बघितलं तेव्हा पाय बसेना. मागच्या वर्गात दोन सीटांच्या मधे वीतभर जागा. सगळ्यात पुढची रांग घ्यावी तर समोर भिंत. दाराजवळ पाय पसरायला जागा असते, पण ते संकटात बाहेर पडायचं दार. तिथे धडधाकट माणसंच बसवतात, लंगड्यांना मनाई. म्हणजे ज्याला पाय आहेत त्यालाच पायाला जागा. मोठ्या सीटचं सरळ भाडं विचारलं तर ते तिकिटाच्या तिप्पट.

“माह्यं नाव काढून टाक,” पंचफुलाबाई अनुपला म्हणाली होती. “तुमी सगळे जा. एखादं पान पडलं दिसलं तं घेऊन येजो.”

त्याच्या तिसऱ्या दिवशी हा मेल आला. बावीसही जणांना.

त्याच संध्याकाळी रामाजी अनुपच्या दुकानात जाऊन बसला आणि कमीत कमी किती बोली लावता येते ते विचारलं. आठ हजार. तेवढे पंचफुलाबाईकडे होते. पण बाकी एकवीस जणांच्या मोबाईलवर तोच मेल होता, तोच आकडा सरकवायचा पट्टा होता, आणि पट्ट्याच्या वर हिरवी पट्टी होती: ‘तुमची शक्यता: कमी. थोडं वाढवून बघा.’

हे ‘थोडं वाढवून बघा’ रामाजीला ओळखीचं वाटलं. फक्त उलट्या बाजूने: यार्डात भाव पाडायची युक्ती असायची, इथे चढवायची.

रविवारी वंदना झाली आणि त्याने सगळ्यांना विहारातच थांबवून घेतलं. भैयाजीही मुद्दाम वर्ध्याहून आले. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, पाठीला पट्टा. देवळीच्या एका पोराने चहाची किटली आणली. रामाजी उभा राहिला, पण बोलायची सवय नव्हती, म्हणून भिंतीला टेकला.

“मी तुमाले यार्डातली एक गोष्ट सांगतो. तिथं लिलाव सुरू व्हाच्या आधीच लिलाव होऊन जाये. नऊ वाजता टपरीवर. पाच-सहा व्यापारी चहा पेत. आज ह्या ओळीचा माल तू घे, उद्याचा मी घेतो. मंग यार्डात येऊन ओरडायचं नाटक. कास्तकार गाडीजवळ उभा राहे अन् त्याले वाटे, जगातच कापसाचा भाव पडला. मले माहीत राहे. मी टपरीवरच असो, त्याईच्या बाजूच्या बाकावर.”

“अन् तू काय करे?” भैयाजींनी विचारलं.

“मी वजन करो.”

रामाजीने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली.

“तं माह्यं म्हणणं असं हाय. विमानवाले आपल्याले एकमेकाच्या अंगावर सोडून राह्यले. तू किती टाकते, मी किती टाकतो. दाखवत तं काहीच नाई. आपण एक डाव टपरीवाल्याईसारखं करून पाहू. कोणीच बोली लावाची नाई. फक्त बाईची एक बोली, कमीत कमीची. विमानातले बाकीचे लोक लावतीन तं लावू द्या. पण आपण आपल्या माणसाच्या अंगावर लावाची नाई.”

“पुढं बसाले लोक इतके पैसे देतात काऊन पण?” मागून एका बाईने विचारलं. “विमान तं सगळ्याईचं एकाच वेळी पोचते नं?”

“मधात पडदा रायते म्हणे,” पंचफुलाबाई म्हणाली. ती भिंतीशी पाय लांब करून बसली होती. “आपल्या आजोबाले गावानं पंगतीत वेगळं बसवलं, तेव्हा एक पैसा नोहोता घेतला. फुकटात वेगळं बसवलं. इथं लोक बोली लावून वेगळे बसून राह्यले!”

विहारात हसू फुटलं, अगदी म्हातारी माणसंसुद्धा गुडघ्यावर थापा मारून हसली. भैयाजी मात्र हसले नाहीत.

“रामाजी, मले पाठीचा त्रास हाय. मी माह्या पेन्शनीतून बोली लावली तं कोणाच्या बापाचं काय जाते?”

“कोणाच्याच बापाचं नाई जात, भैयाजी,” पंचफुलाबाईच बोलली. “माह्या पायाचं जाते.”

भैयाजींनी तिच्या पायाकडे पाहिलं. “बरं. नाई लावत.”

“मंग चहा घ्या सगळ्याईनं,” रामाजी म्हणाला. “टपरीवर कागद नोहोता होत. ज्यानं चहा पेला त्यानं शब्द देला.”

कप फिरले. सगळ्यांनी चहा प्यायला, असं वाटलं. सभा उठल्यावर कप गोळा करताना दिसलं की एक कप काठोकाठ भरलेला तसाच आहे आणि वर साय धरली आहे. तो भैयाजींचा होता.

आता माणसाचं डोकं कसं चालतं बघा. बावीस माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचं ठरवून अर्धा तास झाला नाही, तोवर पुलगावच्या ऑटोत बसता बसता चौघांनी तो कप एकमेकांना सांगितला. विमान कंपनीने काहीच केलं नव्हतं. तिने फक्त आकडे झाकून ठेवले होते. पुढचं काम लोक आपापल्या घरीच करून टाकतात.

विमानाच्या दोन दिवस आधी सकाळी अनुपचा फोन आला. “रामाजी काका, आत्याची बोली नाई लागली. एकच सीट निघाली, कोणीतरी वरून गेला.”

रामाजीने फोन ठेवला आणि लगेच भैयाजींना लावला. जय भीमसुद्धा घातला नाही. “कप भरलेला राह्यला तेव्हाच मले समजलं होतं. साहेब लोक तुमी. रिटायर झाले तरी साहेबच.”

पलीकडून भैयाजी शांतपणे म्हणाले, “रामाजी, मले शुगर हाय. चहात साखर होती. बायको बाजूले बसली होती. आता पाणी पे अन् मंग फोन लाव.” आणि फोन बंद झाला.

रामाजीने पाणी प्यायलं नाही. तो पंचफुलाबाईकडे गेला. भरून ठेवलेली पिशवी ती अंगणात बसून रिकामी करत होती. नवं पांढरं लुगडं, उदबत्तीचा पुडा, आणि आपल्या पिंपळाखालच्या मातीची एक बारीक पुरचुंडी.

“हे तू घेऊन जाजो,” तिने पुरचुंडी त्याच्या हातात दिली. “तिथल्या झाडापाशी ठेवजो. अन् भैयाजीले काही बोलू नको. पाठ त्यालेही हाय.”

“बोललो,” रामाजी म्हणाला.

“मंग माफी माग.”

“त्यानंच मोडलं, बाई!”

“तू पाह्यलं?”

दिवेलागणीला मयुरीचा फोन आला. आवाज असा की सणाचा दिवस. “बाबा, कालपासून पोटात ठेवलंय, आता सांगतेच. तुमचं झालं! पुढची सीट! मी तुमच्या नावाने एकवीस हजार टाकले होते. आत्याची बोली तर लागणारच होती, मग ती एकटी पुढे कशी बसेल? उठवायला, बसवायला कोणी तरी नको का? म्हणून तुम्हाला तिच्या शेजारी—”

“मयुरी.”

“तुम्हाला सांगितलं असतं तर नाहीच म्हणाला असता, म्हणून मी आधी—”

“मयुरी, सीट एकच होती.”

पोरगी रडायला लागली आणि रामाजीला तिला रागावताही येईना. तिने काय केलं होतं? आत्याजवळ बाप बसावा म्हणून आत्याचीच जागा विकत घेतली होती. किती सीटा आहेत एवढं एक वाक्य त्या मेलमध्ये असतं, तर हे झालं नसतं. ते वाक्य चुकून राहिलं नव्हतं. ते नसण्याचेच पैसे होते.

पंचफुलाबाईने ऐकलं आणि बराच वेळ हसली. “पोरीनं माह्यासाठीच केलं नं. होऊ दे.” रामाजी मात्र हसण्याच्या स्थितीत नव्हता. तिने पिशवी पुन्हा भरावी म्हणून तो ओसरीवरच बसून राहिला. “मी काउंटरवर तुह्यं नाव लावून घेतो. मुंबईपर्यंत तं चाल. तिथं नाईच जमलं तं मीही परत येतो तुह्यासंगं.” ती भरेपर्यंत तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्धा स्टेशनवर बावीसही जण गाडीची वाट बघत उभे होते. घोळक्यापासून थोडे लांब भैयाजी आणि त्यांची बायको. त्यांच्याजवळ कोणी गेलंच नव्हतं. रामाजी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“बाईची सीट माह्या घरानं घेतली. माह्या पोरीनं, माह्या नावानं. मले माहीत नोहोतं, पण घर माह्यंच हाय. भैयाजीनं काही केलं नाई. मी त्याईले नाई नाई ते बोललो.”

कोणी खोकलं. कोणी सामान सरळ केलं. पुलगावच्या ऑटोतले चौघं रुळांकडे बघू लागले.

भैयाजींनी पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. “पस्तीस वर्षं दुसऱ्याईचे काटे पाह्यले रामाजी, घरचा काटा पाहाचा राहून गेला तुहा.”

“राहून गेला, जी.”

“अन् नाव बदलत नाई. मी सगळे नियम वाचले. मले नोहोती लावाची बोली, तरी वाचले. सरकारी खोड हाय ते. बोली ज्याच्या नावाची, सीट त्याच्याच नावाची.” ते पंचफुलाबाईकडे वळले. “पण मले एक सांगा, चाकाच्या खुर्चीवर बसाले लाज तं नाई वाटत तुमाले?”

“पाय वाकत नाई, त्यात लाज कायची?”

“मंग ऐका.”

मुंबईच्या काउंटरवर रामाजीने तरीही एकदा विचारून पाहिलं. तिथल्या पोराने मान हलवली. नाव बदलत नाही. पैसे परत मिळत नाहीत. हवी असेल तर त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची देतो, ती फुकट आहे. “द्या,” रामाजी म्हणाला.

चाकाच्या खुर्चीवाल्यांना सगळ्यांच्या आधी विमानात चढवतात, मोठ्या सीटवाल्यांच्याही आधी, आणि सोबत घरचं एक माणूस जाऊ देतात. भैयाजींना ते माहीत होतं. दारापर्यंत खुर्ची आली. दोघांची तिकिटं रामाजीच्या हातात होती. आतली बाई दुसऱ्या कामात होती. रामाजीने बहिणीला बगलेत धरून उठवलं, दुसऱ्या रांगेतल्या खिडकीच्या मोठ्या सीटवर बसवलं, पाय समोर लांब करून दिला आणि तिची काठी उभी केली. मग तो पडदा ओलांडून चालत चालत सत्तावीसव्या रांगेत, तिच्या सीटवर जाऊन बसला.

मागून बाकीचे चढले. एकेक जण पंचफुलाबाईजवळून गेला. कोणी थांबलं नाही, कोणी जय भीम घातला नाही, ओळख असल्यासारखं कोणी पाहिलं नाही. वीस माणसं अशी गेली जसं काही ही बाई त्यांच्या सात जन्मात नात्याची नव्हती. भैयाजी येऊन रामाजीच्या शेजारी बसले. त्यांनी अनुपला सांगून तेवढी सीट आधीच बदलून घेतली होती.

दारं लागली. तेव्हा कुठे हवाई सुंदरी हातातली यादी घेऊन दुसऱ्या रांगेशी आली. “वेलकम, मिस्टर रामाजी…” आणि थांबली.

“रामाजी नाई,” पंचफुलाबाई म्हणाली. “मी पंचफुला.”

तिने आधीच बजावून ठेवलं होतं. रोज पंचशील म्हणते ती. बोधिवृक्षाकडे जाताना खोटं बोलणार नाही. तुम्ही बोलू नका, असं भैयाजींनी सांगितलं होतं. पण भावाच्या नावाने हाक मारल्यावर गप्प बसणंही तिला जमलं नाही.

“माताजी, ये सीट आपकी नहीं है.”

“हो बाई, माही नाई. मले माहीत हाय. पण पाय माहाच हाय.”

पोरगी पायाकडे बघत राहिली. मग पडदा सारून मागे आली. “रामाजी कौन हैं? यहाँ रामाजी कौन हैं?”

वीस माणसं. कोणाला अचानक खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. कोणी पट्टा लावायला लागलं. देवळीच्या एका बाईने डोळे मिटून घेतले आणि तिचे ओठ हलायला लागले. भैयाजींनी समोरच्या खिशातला कागद काढून उलटा धरून वाचायला घेतला. कोणीच खोटं बोललं नाही. कोणी बोललंच नाही. रामाजी मांडीवर हात ठेवून बसला होता आणि त्याला टपरीवरचा बाक आठवत होता. तिथेही असंच गप्प बसायचं असायचं. त्या गप्प बसण्याचं देणं अजून त्याच्यावर होतं. ते एका विमानाने फिटणार नव्हतं.

पोरगी दोनदा त्याच्यासमोरून गेली. ती खुळी नव्हती. एकवीस माणसं एकाच वेळी बहिरी होत नाहीत, हे तिलाही कळलं असणार. विमान हलायला लागलं होतं. ती पुढे गेली. पडद्याच्या फटीतून रामाजीला दिसलं, तिने एक उशी आणली आणि पंचफुलाबाईच्या पायाखाली ठेवली. मग पडदा लागला.

विमान वर गेलं. ढग खाली गेले. अर्ध्या तासाने खाण्याची गाडी मागे यायला लागली. ती सत्तावीसव्या रांगेशी येते न येते तोच पडद्याच्या पलीकडून, सगळ्या विमानाला ऐकू जाईल असा, नाचणगावच्या बांधावरून मारावा तसा आवाज आला.

“रामाऽऽ! चहा भेटला का रे तुले?”

गाडीवर तीच पोरगी होती. तिने रामाजीकडे पाहिलं. वीस माणसांनी श्वास धरला.

“आप रामाजी?”

आता सरळ विचारलं होतं. “हो,” रामाजी म्हणाला.

तिने किटली उचलली, कागदी कप भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. हसली की नाही ते सांगता येणार नाही. पुढे सरकणार तोच भैयाजींनी हात वर केला.

“बिना शक्कर का है क्या?”

“है.”

“मंग मलेही द्या.”

त्यांनी तो गरम चहा फुंकून फुंकून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि मग रामाजीला दिसेल असा कप पालथा करून समोरच्या फळीवर ठेवला.